अडीच टनी हँड पॅलेट: पंपाची ताकद वेगळी, माणसाची वेगळी

फोर्कलिफ्ट आली की गोदामात तिच्यासाठी पिवळे पट्टे मारले जातात, चालकाचं प्रशिक्षण होतं, हॉर्न-दिवे तपासले जातात. हँड पॅलेटच्या, म्हणजे माल रचलेलं पॅलेट (लाकडी चौकट) उचलून हाताने ओढायच्या ट्रॉलीच्या, वाट्याला यातलं काहीच येत नाही. ज्याचा हात मोकळा त्याने दांडा धरायचा आणि ओढायचं. भिवंडीचा गाळा असो, चाकणचं मोठं वेअरहाऊस असो की वाशीच्या बाजारातलं मसाल्याचं दुकान, ट्रॉली सगळीकडे सारखीच आणि तिच्याकडे होणारं दुर्लक्षही सारखंच.

हे परीक्षण सर्रास मिळणाऱ्या साध्या, हाताने पंप मारायच्या अडीच टनी हँड पॅलेट ट्रकचं आहे. गोदरेज, नीलकमल, जोस्ट्स, मैनी अशा ओळखीच्या नावांपासून आयात केलेल्या बिननावाच्या मालापर्यंत सगळ्यांचा साचा जवळजवळ एकच असतो: फोर्कची (पॅलेटखाली शिरणाऱ्या दोन लोखंडी पात्यांची) लांबी ११५० मिमी, बाहेरून बाहेर रुंदी ५५० किंवा ६८५ मिमी, खाली बसल्यावर उंची ८५ मिमी, पूर्ण उचलल्यावर साधारण २०० मिमी. म्हणजे उचल फक्त साडेअकरा सेंटिमीटर. पॅलेट जमिनीपासून सुटावं एवढंच हिचं काम, आणि ते ती फार चांगलं करते. मोटर नाही, बॅटरी नाही, चार्जिंग नाही. नीट ठेवली तर वर्षानुवर्षं चालते.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. सपाट, घट्ट फरशीवर आणि एक टनाच्या आतल्या मालासाठी याहून किफायतशीर यंत्र गोदामात दुसरं नाही. उतार, फुटका कोबा किंवा दीड-दोन टनांचा माल रोजचा असेल, तर मात्र ही चुकीची खरेदी आहे, मग बिल्ला कोणाचाही असो.

बिल्ल्यावर लिहिलेले २५०० किलो हे पंपाचं आणि पोलादाचं बोलणं आहे. पंप तेवढं उचलेल, फोर्क वाकणार नाहीत. ते ओढणाऱ्या माणसाबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. ब्रिटनच्या एचएसई या कामगार-सुरक्षा यंत्रणेचा ढोबळ हिशोब इथे उपयोगी पडतो. चांगल्या स्थितीतली गाडी सपाट, कडक फरशीवर हलवायला मालाच्या वजनाच्या किमान २ टक्के जोर लागतो. त्याच यंत्रणेच्या मार्गदर्शनात पुरुषासाठी गाडी सुरू करायला किंवा थांबवायला २० किलोचा आणि चालत ठेवायला १० किलोचा जोर धरला आहे. स्त्रियांसाठी १५ आणि ७. आता भागाकार करा. १० किलोचा जोर म्हणजे ५०० किलोचा माल, २० किलोचा जोर म्हणजे हजार किलो. बिल्ल्यावर लिहिलेत अडीच हजार, आणि अंगाला त्रास न होता एका माणसाने दिवसभर ओढावं असं वजन त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास.

हा कायद्याचा आकडा नाही, मार्गदर्शक आहे, आणि आपल्याकडची कसलेली माथाडी टोळी याहून जास्त ओढते हे खरं आहे. पण ओढते आणि ओढावं यात कंबरेच्या मणक्यांचा फरक आहे. ५० किलोच्या ४० गोण्या एका पॅलेटवर रचल्या की दोन टन झाले. थप्पी दिसायला काही फार मोठी नसते, म्हणून मुकादमाच्या लक्षात येत नाही. आमचा नियम सोपा: दिवसभर सतत ओढायचं नसेल तर हजार किलोपर्यंत एक माणूस, हजार ते दीड हजार दोन माणसं, एक दांड्यावर आणि एक मागून ढकलायला, त्यापुढे बॅटरीवरची गाडी. गोण्यांच्या भाषेत, एका माणसाला २०, दोघांना ३०. हा हिशोब गोण्यांच्या थराप्रमाणे भिंतीवर रंगवून ठेवला तर कोणाला काट्यावर जावं लागत नाही.

उताराचं गणित याहून वाईट आहे, आणि तोंडी करता येतं. वजन गुणिले चढ. ट्रॉलीचं स्वतःचं वजन ७५ किलो धरा, माल दोन टन. शंभरात दोनचा उतार असेल तर २०७५ चे दोन टक्के, म्हणजे ४१ किलोचा ओढा फक्त उताराचा. बाराला एक अशा रॅम्पवर, जो अपंगांच्या खुर्चीसाठी चालतो असं मानलं जातं, तोच ओढा १७२ किलोवर जातो. फक्त पाचशे किलो माल असला तरी त्या रॅम्पवर ४८ किलो. साध्या हँड पॅलेटला ब्रेक नसतो. खाली येताना जे काही थांबवायचं ते माणसाच्या हातांनी आणि बुटांच्या तळव्यांनी.

रॅम्प सगळ्यांना दिसतो. न दिसणारा उतार शटरपाशी असतो. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून शटरच्या तोंडाशी फरशी बाहेरच्या बाजूला किंचित उतरती केलेली असते. नजरेला ती सपाटच वाटते. दीड टनाचं पॅलेट तिथे उचललेल्या स्थितीत सोडून माणूस चलनावर सही घ्यायला गेला, की चाकांचे छर्रे (बेअरिंग) मोकळे फिरणारी ट्रॉली हळूच निघते. डॉक, म्हणजे लॉरीत माल चढवायचा ओटा, जमिनीपासून चार फूट उंच असेल तर पुढे काय होतं ते सांगायला नको. म्हणून पहिली सवय ही लावायची: दांडा सोडण्याआधी फोर्क खाली. पॅलेट जमिनीवर टेकलं की तेच ब्रेक. ही एक गोष्ट अंगवळणी पडली तर हँड पॅलेटचे निम्मे धोके संपतात असं आमचं ठाम मत आहे.

उतारावरून नेणं टाळताच येत नसेल तर माल कमी करा आणि माणूस नेहमी वरच्या बाजूला असू द्या. खाली जाताना माल पुढे, माणूस मागे-वर. चढताना माणूस पुढे-वर, माल मागे. उताराच्या खालच्या बाजूला कोणीही उभं राहायचं नाही, मदतीलाही नाही. आडवं वळायचं नाही, कारण ट्रॉलीची रुंदी जेमतेम अडीच-तीन वीत आणि माल मीटरभर. ती कडेवर कलंडते.

आता चाकं. दुकानदार किंमत सांगतो, टन सांगतो, वॉरंटी सांगतो. चाकाचं विचारलं तर "पीयू आहे, बेस्ट आहे" म्हणतो. खरं तर ही ट्रॉली म्हणजे चाकांचीच खरेदी आहे. दांड्याखाली दोन मोठी वळणारी चाकं असतात, १८० किंवा २०० मिमी व्यासाची. फोर्कच्या टोकाशी लहान रोलर असतात, ७५ ते ८० मिमीच्या आसपास. सगळा त्रास या लहान रोलरांचा. चाक जितकं लहान तितका खड्डा त्याला मोठा.

नायलॉनचं चाक कडक. कमी जोरात फिरतं, जड माल सोसतं, तेल-पाण्याला दाद देत नाही. पण खडखडाट करतं, आणि एपॉक्सी मारलेल्या फरशीवर ओरखडे उठवतं. एखादा खिळा किंवा दगड खाली आला तर जागच्या जागी अडतं, आणि दांडा धरलेल्याच्या खांद्याला हिसका बसतो. पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू, किंचित मऊ. आवाज कमी, फरशी राखतं, पकड चांगली. मात्र जड माल घेऊन रात्रभर एकाच जागी उभी ठेवली तर चाकाला चपटा ठिपका पडतो आणि सकाळी ट्रॉली धडधडत चालते. स्वस्त पीयूचा पट्टा आतल्या लोखंडापासून सुटतो; कडेला नखाने दाबून पाहा, फट दिसली तर घेऊ नका. रबरी चाक शांत असतं, पण ओढायला जड. औषधांच्या किंवा काचेच्या मालाला ठीक, बाकी नको.

ट्रिमिक्स केलेला (जादा पाणी शोषून घोटलेला, गुळगुळीत) नवा कोबा असेल तर पुढे पीयूचे जोड-रोलर, म्हणजे प्रत्येक फोर्कला एकामागे एक दोन, आणि मागची चाकंही पीयू. जोड-रोलर असले की एक रोलर कोब्याच्या कापलेल्या सांध्यावर असताना दुसरा घट्ट जमिनीवर असतो, धक्का निम्मा होतो. जुना कोबा, दगडी लादी, बाहेरचं अंगण असेल तर नायलॉन घ्या आणि आवाज सहन करा. मिश्र जोडीही मिळते: वळणारी चाकं पीयू, पुढचे रोलर नायलॉन. मालाच्या गोदामाला आमची पसंती बहुतेकदा हीच. शीतगृह, मासळी, मिठाचा माल असेल तर रंगवलेली ट्रॉली घेऊच नका. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेली) किंवा स्टेनलेसची घ्या. रंगाचा पोपडा सुटला की खारट पाणी पंपाच्या दांडीपर्यंत पोचायला एक पावसाळा पुरतो.

चाकांचा खरा शत्रू मात्र पॅकिंगचा कचरा आहे. स्ट्रेच फिल्मचे तुकडे, प्लास्टिकची पट्टी, सुतळी हे सगळं आसाला गुंडाळत जातं, गरम होऊन घट्ट बसतं आणि छर्ऱ्यांचं सील फाडतं. मग ग्रीस बाहेर, धूळ आत. ट्रॉली जड ओढते अशी तक्रार आली की पंप उघडण्याआधी ती आडवी करून रोलर पाहा. पक्कड आणि कटर घेऊन पाच मिनिटांचं काम असतं. बेअरिंग बहुतेकदा ६२०४ नंबरचं, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलंच मागा. आणि गोदामाच्या दर खांबाला एक कचऱ्याची गोण बांधा. ट्रॉलीच्या देखभालीवरचा हा सर्वांत स्वस्त खर्च.

फोर्कचं माप पॅलेटवर ठरतं. आपल्याकडचं नेहमीचं पॅलेट १२०० बाय १००० मिमीचं. त्याला ११५० ची लांबी बरोबर बसते. रुंदी ६८५ घ्यायची की ५५० ही चूक जास्त होते. १००० मिमीच्या बाजूने शिरणाऱ्या चांगल्या मोकळ्या पॅलेटला ६८५ स्थिर वाटते, पण मधला ठोकळा किंवा युरो मापाचं, ८०० मिमी रुंदीचं पॅलेट मध्ये आलं की ती शिरतच नाही. निर्यातीचा माल येत-जात असेल तर ५५०. खरेदीला जाताना आपल्याकडचं सर्वांत वाईट पॅलेट टेम्पोत टाकून न्या आणि तिथेच घालून पाहा.

खालून आडव्या फळ्या असलेल्या पॅलेटमध्ये आणखी एक गोची आहे. फोर्क अर्धवट आत गेला किंवा पलीकडे जास्त निघाला, तर पंप मारताना रोलर त्या खालच्या फळीवर बसतात आणि फळी खिळ्यांसकट उखडतात. पॅलेट तुटण्याचं कारण बऱ्याचदा लाकूड वाईट हे नसतं, फोर्क कुठे थांबवायचा हे न कळणं असतं. उपाय फुकट आहे: फोर्कच्या अंगावर, रोलर फळ्यांमधल्या फटीत बरोबर येतील त्या जागी, पांढऱ्या रंगाची एक रेघ मारा. पॅलेटची कड रेघेला आली की थांबायचं. उखडलेल्या फळीचे वर आलेले खिळे बुटाच्या तळव्यातून जातात, हे वेगळं सांगायला नको.

पंपाकडे वळू. दांड्यावर एक खटका असतो, त्याच्या तीन जागा: खाली दाबला की पंप मारून उचल, मधे ठेवला की चाल, वर ओढला की फोर्क उतरतात. मधल्या जागी दांडा वर-खाली झाला तरी पंप चालू नये, हे ओढताना महत्त्वाचं. नाही तर दांडा जड लागतो आणि मनगट दुखतं. नवी ट्रॉली बऱ्याचदा याच बाबतीत बिघडलेली येते, कारण दांडा वेगळा पॅक करून दुकानात जोडलेला असतो आणि खटक्यापासून पंपाकडे जाणाऱ्या साखळीचा ताण कोणी बसवत नाही. दांड्याच्या बुडाशी साखळीच्या टोकाला एक छोटा बोल्ट आणि नट असतो. मधल्या जागी पंप मारून फोर्क वर येत असतील तर तो नट घड्याळाच्या दिशेने थोडा थोडा फिरवा. मधल्या जागी फोर्क आपोआप खाली येत असतील तर उलटा. खटका वर ओढूनही फोर्क उतरत नसतील तर घड्याळाच्या दिशेने, आणि पंप मारूनही उचलत नसतील तर उलटा. प्रत्येक वेळी अर्धा आटा, मग तपासणी. मेकॅनिक बोलवायचं कारण नाही.

पंप मारून फोर्क स्पंजासारखे वर-खाली होतात, पूर्ण उंची गाठत नाहीत, असं झालं तर तेलात हवा शिरली आहे. टेम्पोत ट्रॉली आडवी टाकून आणली की हे हमखास होतं. माल काढा, खटका वर ओढून धरा आणि दांडा दहा-पंधरा वेळा पूर्ण वर-खाली करा. हवा निघून जाते. तरीही उचल कमी असेल तर तेल कमी आहे. फोर्क पूर्ण खाली ठेवून भरणीचा स्क्रू काढा आणि ३२ ग्रेडचं हायड्रॉलिक तेल घाला. सगळ्या पंपात मिळून मावतं ते साधारण पाव ते अर्धा लिटर. ब्रेक ऑइल घालण्याचा उद्योग पुष्कळ ठिकाणी चालतो. तो करू नका. ब्रेक ऑइलने पंपाची रबरी सीलं फुगतात आणि महिन्याभरात ट्रॉली फरशीवर तेल सांडू लागते. मग त्या तेलावर कोणी घसरतं आणि दोष फरशीला जातो.

तेल गळतं तेव्हा सील किट, म्हणजे पंपाच्या रबरी सीलांचा संच, बदलायचं, तेल भरत राहायचं नाही. किट स्वस्त असतं, पण ते मिळायला हवं. बिननावाच्या ट्रॉलीची गंमत इथे संपते: पंपाची घडण जराशी वेगळी असते आणि ओ-रिंग (रबरी कड्या) जुळत नाहीत. म्हणून दुकानदाराला ट्रॉलीबरोबर एक सील किट आणि रोलरचा एक जादा जोड आत्ताच द्यायला सांगा. देता आला नाही तर त्याच्याकडे सुटे भाग नाहीत असं समजा आणि पुढच्या दुकानात जा. जादा वजन आलं तर उचलायला नकार देणारा एक व्हॉल्व्ह पंपात असतो. तो पेचकस घालून घट्ट करून "तीन टन उचलते" असं दाखवणारे महाभाग आहेत. अशी ट्रॉली फुकट मिळाली तरी घेऊ नये.

दुकानात दहा मिनिटं द्या. दोन्ही फोर्क सपाट फरशीवर ठेवून टोकं पाहा. एका टोकाखाली बोटभर जास्त फट असेल तर साचा पिळलेला आहे. ट्रॉली काट्यावर चढवा: अडीच टनी म्हणवणारी साठ किलोच्या खाली भरली तर पोलाद कुठून तरी वाचवलंय. हजार किलोचा माल, किंवा दुकानात जो असेल तो, उचलून दहा मिनिटं तसाच ठेवा. फोर्क दिसेल इतका खाली आला तर पंप आतून गळतो. खटका हळूहळू वर ओढून माल हळू उतरतो का पाहा. चांगल्या पंपात उतरण्याचा वेग बोटाच्या दाबावर ठरतो. वाईट पंपात माल एकदम आदळतो, आणि खाली कोणाचा पाय आहे हे माल विचारत नाही.

पायांचं निघालंच आहे तर. या यंत्राने होणाऱ्या बऱ्याच इजा पायाला होतात, आणि बोटांपेक्षा टाचेचा विचार कमी होतो. माणूस पुढे, ट्रॉली मागे, दांडा हातात, माल भरलेला. माणूस अचानक थांबला की माल थांबत नाही. वळणाऱ्या चाकाचा साचा टाचेवर येतो. स्टीलच्या टोपीचा बूट इथे उपयोगाचा नाही, कारण टोपी पुढे असते. तरीही तो बूट हवाच. आयएसआय चिन्हाचा, आयएस १५२९८ च्या दुसऱ्या भागाप्रमाणे बनवलेला बूट घ्या. त्याची टोपी २०० ज्यूलचा आघात सोसते, म्हणजे २० किलोचा डबा मीटरभर उंचीवरून पडला तर पेलते, आणि १५ किलोन्यूटनचा, साधारण दीड टनाचा, दाब सहन करते. याच मानकाच्या तिसऱ्या भागातला बूट निम्म्या आघाताचा, १०० ज्यूलचा असतो. दिसायला सारखाच आणि स्वस्त. बिलावर भाग कोणता ते लिहून घ्या. घोट्यापर्यंत येणारा घ्या, तळवा नक्षीदार.

टाचेचा खरा उपाय चालण्याच्या पद्धतीत आहे. ओढायचं ते एका हाताने, दांड्याच्या बाजूला चालत, अंग ट्रॉलीच्या रेषेत न ठेवता. पाठमोरं चालायचं नाही. वाट मोकळी आणि पुढचं दिसत असेल तेव्हा ढकलणं बरं. जोर पाठीऐवजी पायांतून येतो. पण मग माल नजरेपेक्षा उंच रचलेला नसावा. दीड मीटरच्या वर थप्पी गेली की ढकलणाऱ्याला समोरचा माणूस दिसत नाही, आणि वळणावर वरचे खोके सरकतात. सुरू करताना दांडा हिसडून ओढायचा नाही. चाक जरा तिरकं करून सुरुवात केली की जोर कमी लागतो, मग सरळ करायचं. चालीचा वेग चालण्याचाच, धावण्याचा नाही. ट्रॉलीवर उभं राहून घसरगुंडी खेळणं दर गोदामात दिसतं. मुकादमाने ते पहिल्या दिवशीच बंद करायचं काम आहे.

लॉरीच्या पाठीवर माल चढवताना तीन गोष्टी बघा. लॉरीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, इंजिन बंद, चावी डॉकवरच्या माणसाकडे. ट्रॉली आत-बाहेर होताना लॉरी हळूहळू पुढे सरकते आणि डॉक आणि लॉरी यांच्यामध्ये टाकलेल्या पत्र्याचं टोक सुटतं. हे ड्रायव्हरच्या हँडब्रेकवर सोडता येत नाही. दुसरं, लॉरीच्या पाट्यातला कुजका भाग आधी चालून पाहा, कारण दीड टनाचा बराच भार दोन-चार रोलरांवर एकवटतो. तिसरं, डॉकच्या पत्र्याची कड जाड असेल तर ८० मिमीचा रोलर तिथे अडतो आणि लोक जोर मिळवायला मागून धाव घेतात. कड घासून निमुळती करून घ्या. धाव घेऊन माल चढवावा लागतो म्हणजे पत्रा चुकीचा आहे.

काम संपल्यावर ट्रॉलीची जागा ठरलेली असावी. फोर्क खाली, दांडा उभा, टोकं भिंतीकडे. वाटेत सोडलेल्या ट्रॉलीचे खाली बसलेले फोर्क रात्रीच्या मंद दिव्यात दिसत नाहीत आणि नडगीला लागतात. आगीच्या बाटल्या, होजची पेटी आणि बाहेर पडायचं दार यांच्यासमोर ट्रॉली उभी राहणार नाही, यासाठी तिथे जमिनीवर चौकोन रंगवून त्यावर तिरक्या रेघा मारा. रात्री ट्रॉली शटरच्या आत. बाहेर राहिलेली ट्रॉली ही चोराची सोय असते. पोती उचलून न्यायला त्याला मग हमाल लागत नाही.

उरलेले प्रकार थोडक्यात. वजनकाटा असलेली ट्रॉली साधीच्या कित्येक पट महाग, आणि तिचा काटा धक्क्यांनी बिघडतो. पावती करायच्या जागी ठेवायची, ओढण्याला नाही. हँडब्रेकची मिळते, थोडा उतार असलेल्या गाळ्याला जरूर घ्या, पण ब्रेक चाकाला धरतो, माल खाली टेकवण्याची सवय त्याने सुटू देऊ नका. कात्रीसारखी उघडणारी उंच ट्रॉली ८०० मिमीपर्यंत, एक टन उचलते. पॅकिंगच्या टेबलाशेजारी ती ठेवली की खोकी उचलायला वाकावं लागत नाही, कंबरेसाठी हे सोनं. ठरावीक उंचीपुढे तिचे आधाराचे पाय जमिनीला टेकतात आणि ती हलत नाही; ते पाय काढून टाकणाऱ्यांना अडवा.

बॅटरीवरची दीड टनी गाडी आता लहान आणि हलकी झाली आहे. दांडा उभा सोडला की तिचा ब्रेक आपोआप लागतो. दांड्याच्या टोकाला एक लाल बटण असतं. माणूस भिंत आणि गाडी यांच्यात सापडला की ते पोटाला दाबलं जातं आणि गाडी मागे सरकते. रोज पन्नासेक मीटरच्या फेऱ्या आणि टनाच्या वरचा माल असेल, तर पाच साध्या ट्रॉलींपैकी दोन कमी करून यातली एक घ्यावी. चार्जिंगची जागा मात्र पुठ्ठ्याच्या थप्प्यांपासून लांब, वारा असलेली आणि वायरवर कोणी ट्रॉली नेणार नाही अशी निवडा.

जुनी ट्रॉली घ्यायची झाली तर पंप आणि चाकं सोडून बाकीच्याला फार किंमत देऊ नका. लोखंड सरळ असलं की पुरे. सील किट, चार रोलर, चार ते आठ बेअरिंग आणि एक लिटर तेल यांचा खर्च आधी विचारा, तो जुन्या किमतीत मिळवा, आणि बेरीज नव्याच्या दोन तृतीयांशाच्या वर गेली तर नवीच घ्या.